ताप उतरला, रिपोर्ट नॉर्मल. मग हे दुखणं कशाचं?

रानजाई:
मंडळी, विषाणूजन्य ताप येतो, आठवड्याभरात उतरतो, नाक-घसा मोकळा होतो. पण काही जणांचं दुखणं तिथे संपत नाही. थकवा, सांध्यांतली कळ, कोरडा खोकला, वाचलेलं डोक्यात न शिरणं, जिना चढलं की धडधड. माझं हे काही महिने चाललंय. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल.

भेटेल तो सांगतो, "प्रतिकारशक्ती कमी पडली असेल, ती वाढव." मी जे थोडंफार वाचलं त्यावरून मात्र उलटंच वाटतं. ही लक्षणं प्रतिकारशक्ती कमी पडल्याची नसून ती वेळेवर न थांबल्याची असावीत. मग खरं काय? कमी की जास्त? विषाणू शरीरात उरलेला असतो का? आणि रिपोर्ट नॉर्मल कसे येतात?

या विषयात काम करणाऱ्यांनी आणि यातून गेलेल्यांनी, दोघांनीही लिहा. औषधांच्या याद्या नकोत, मला कारण समजून घ्यायचंय.

सागरगोटा:
चांगला धागा. ताप गेल्यावर माझा खोकला कितीतरी आठवडे मुक्कामाला होता. घरच्यांना मी कुठल्या खोलीत आहे ते हाक न मारता कळायचं.

माझी अडाणी समजूत अशी: आग विझली, पण बंबवाले पाणी मारायचे थांबलेच नाहीत. आता जे नुकसान होतंय ते पाण्याने. बरोबर का?

निळावंती:
रानजाई, प्रश्न नेमका आहे. मी रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करते, रुग्ण तपासत नाही. तेव्हा सल्ला नाही, पण आत काय चालतं ते सांगते.

ताप, अंगदुखी, गळून जाणं, भूक मरणं यातलं बरंचसं विषाणू स्वतः घडवत नाही. पेशीला आपल्यात विषाणू शिरल्याचं कळलं की ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. पाठोपाठ इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ असे इतर सायटोकाइन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं, येतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू तापमान वाढवतो, झोप आणतो, हालचाल नकोशी करतो. याचा भक्कम पुरावा हेपॅटायटिस सीच्या जुन्या उपचारांत सापडतो. तेव्हा रुग्णांना महिनोन्‌महिने इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं द्यावी लागत. कितीतरी जणांना त्या इंजेक्शनांनीच कणकण यायची, कमालीचा थकवा यायचा, काहींना नैराश्य यायचं. नवा विषाणू कुठलाच आलेला नसायचा, फक्त इंटरफेरॉन वाढलेलं असायचं.

दुसरं म्हणजे, प्रतिकार थांबणं ही आपोआप होणारी गोष्ट नाही, तेही शरीराला करावं लागतं. संसर्गात टी पेशींची, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, प्रचंड पैदास होते. काम संपलं की त्यांतल्या बहुतेक मरतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात. नियामक टी पेशी बाकीच्यांना आवर घालतात. ही आवराआवर कुठेतरी अडली की लक्षणं रेंगाळतात.

म्हणून 'कमी की जास्त' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. एकाच माणसात इंटरफेरॉनचा मारा चालू असतो आणि त्याच वेळी काही टी पेशी सततच्या लढाईने निकामी होत आलेल्या असतात. दोन्ही एकदम.

सागरगोटा, तुमची कल्पना अर्धी बरोबर आहे. अडचण एवढीच की आग पूर्ण विझली आहे की भिंतीमागे कुठे धुमसते आहे, हे बाहेरून दिसत नाही.

मध्यरात्र:
वाचनखूण साठवली. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचं माहीतच नव्हतं.

चाफेकळी:
निळावंती ताई, 'भिंतीमागे धुमसते' म्हणजे विषाणू खरंच लपून राहतो? मला वाटायचं की नागीण, कांजिण्या असे काही मोजके विषाणूच तसे. बाकीचे एकदा गेले की गेले.

पायवाट:
यावर मी लिहितो, कारण मी चिकुनगुनिया भोगलाय. ताप तीन-चार दिवसांत गेला. सांधे मात्र वर्ष उलटून गेलं तरी पूर्ण सुटले नव्हते. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, बाटलीचं झाकण उघडायला मुलाला बोलवायचो. दिवस चढेल तसं जरा सैल व्हायचं. एका डॉक्टरांनी सरळ संधिवात म्हणून टाकलं. संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची तपासणी निगेटिव्ह आली. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की हा विषाणूनंतरचा संधिदाह आहे, ओसरेल, पण वेळ घेईल. तसंच झालं.

एक सांगतो. 'ओसरेल' हे कुणीतरी ठामपणे म्हणणं फार मोलाचं असतं. त्या आधी मला वाटायचं, आता हे असंच राहणार.

निळावंती:
पायवाट, तुमचं उदाहरण चाफेकळीच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ आली, बेटावरच्या जवळपास एक तृतीयांश लोकांना संसर्ग झाला. नंतर तिथल्या रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. त्यांतल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरातला तुकडा आजारानंतर १८ महिन्यांनी तपासला, तर तिथल्या मॅक्रोफेज पेशींत विषाणूचा आरएनए आणि प्रथिनं सापडली. रक्तात तोवर काही नव्हतं. मॅक्रोफेज म्हणजे खरं तर विषाणू गिळून संपवणाऱ्या पेशी, आणि नेमका त्यांच्याच पोटात ऐवज शिल्लक!

इबोलाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१४ च्या साथीतून वाचलेल्या एका रुग्णाचं रक्त विषाणूमुक्त झाल्यावर काही आठवड्यांनी डोळ्याला दाह झाला आणि डोळ्यातल्या द्रवात जिवंत विषाणू मिळाला. डोळा, मेंदू, वृषण या जागी प्रतिकारसंस्था मुद्दाम हात राखून वागते, कारण तिथला दाह परवडत नाही. विषाणूला तिथे आसरा मिळतो.

कोविडनंतर आतड्यांच्या अस्तरात महिनोन्‌महिने विषाणूचे अवशेष सापडले आहेत. पूर्ण जिवंत विषाणू असलाच पाहिजे असं नाही. प्रथिनाचे किंवा आरएनएचे तुकडेही प्रतिकारसंस्थेला जागं ठेवू शकतात.

कसोटी:
सगळ्यांबद्दल आदर ठेवून विरोधी मत मांडतो. रिपोर्ट नॉर्मल, क्ष-किरण नॉर्मल, आणि माणूस म्हणतो मी आजारी आहे. याला आजार म्हणायचं कशाच्या आधारावर? आपण थकव्याकडे जितकं लक्ष देऊ तितका तो वाढतो. माझ्या माहितीतले दोघे कामावर रुजू झाले आणि महिन्याभरात ठणठणीत झाले. घरी बसून लक्षणं मोजत राहिलं तर कोणीही आजारी पडेल. मनाचा वाटा इथे कुणी मान्य का करत नाही?

उत्तरायण:
कसोटी, तुम्ही लिहिलंत ते मी गेली दोन-अडीच वर्षं ऐकतोय. बायकोच्या वतीने ऐकतोय. ती घरी बसून लक्षणं मोजत नव्हती. ती उठून कामाला गेली. पहिल्या आठवड्यात बरी होती, दुसऱ्या आठवड्यात तिला स्वतःचे केस विंचरताना हात वर धरवेना. हट्टाने पुन्हा गेली, पुन्हा पडली. काम करायची इच्छा नसती तर हा प्रश्न कधीच सुटला असता. इच्छा होती, म्हणूनच ती जास्त आजारी पडली.

आणि मनाचं म्हणाल तर ते तपासलं गेलंय. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावी २५३ रुग्णांचा संसर्गाच्या दिवसांपासून पाठपुरावा झाला, निष्कर्ष २००६ मध्ये आले. तीन वेगवेगळे संसर्ग होते: एपस्टाइन-बार विषाणू, रॉस रिव्हर विषाणू आणि क्यू फीवरचा जिवाणू. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के रुग्ण थकव्याने बेजार होते, आणि तिन्ही संसर्गांत हे प्रमाण साधारण सारखंच. कोण बेजार होणार याचा अंदाज कशावरून आला? सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावरून. वय, स्त्री-पुरुष, आधीची मानसिक स्थिती यांवरून नाही.

निळावंती:
उत्तरायण, डब्बोचा उल्लेख केलात ते फार बरं झालं. त्यातला तिन्ही संसर्गांत सारखंच प्रमाण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जंतू पूर्ण वेगळे, एक तर विषाणूही नाही, तरी शेवटचं दुखणं एकसारखं. म्हणजे त्याचं मूळ जंतूपेक्षा आपल्या प्रतिसादात जास्त आहे.

जुना_डॉक्टर:
चाळीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, आता निवृत्त आहे. कसोटींचा मुद्दा झटकून टाकू नका, पण त्यातली गफलत दाखवतो.

'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे काय? आपण नेहमी हिमोग्राम, दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, साखर, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करतो. सीआरपी यकृतात बनतं, मुख्यतः इंटरल्युकिन-६ च्या हुकमावर. इंटरफेरॉन वाढलेलं असेल आणि इंटरल्युकिन-६ शांत असेल तर सीआरपी नॉर्मलच येणार. सांध्याच्या अस्तरात किंवा आतड्यात काय चाललंय ते दंडातून काढलेल्या रक्तात उतरेलच असं नाही. टी पेशींची अवस्था तर कुठलीच साधी लॅब मोजत नाही. रिपोर्ट खोटा नसतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतो, न विचारलेल्याचं देत नाही.

आता दुसरी बाजू, रानजाईंसाठी. सगळं विषाणूवर ढकलूनही चालत नाही. तापानंतर थायरॉईडला सूज येऊ शकते, आधी धडधड आणि नंतर मंदपणा. टीएसएच पाहिलंत का? बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), साखर? क्षयाचा विचार झाला? विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, म्हणून छातीत दुखत असेल तर ईसीजी आणि इको. वजन उतरणं, रात्री घामाने भिजणं, ताप पुन्हा येणं, शुद्ध हरपणं यांतलं काही असेल तर आजच दाखवा. आणि पायांतून सुरू होऊन वर चढत जाणारा अशक्तपणा असेल तर उद्याची वाटही पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

चाफेकळी:
पायांतून वर चढणारा म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम ना? आम्हाला अभ्यासात होता. कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूच्या आवरणावरची साखर आणि आपल्या मज्जातंतूंवरची जीएम-१ नावाची साखर इतकी सारखी असते की जिवाणूविरुद्ध बनलेली अँटिबॉडी मज्जातंतूंवरच चालून जाते.

निळावंती:
बरोबर. प्रतिकार न थांबणं आणि विषाणू उरणं यांनंतरचं हे तिसरं कारण: साधर्म्यामुळे आपल्यावरच उलटलेला प्रतिकार. झिकाच्या साथीतही गियाँ-बारेचे रुग्ण वाढलेले दिसले.

आणखी मोठं उदाहरण मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण बिघडवणाऱ्या आजाराचं. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने तपासून २०२२ मध्ये एक अभ्यास आला. एपस्टाइन-बारचा संसर्ग झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पटींनी वाढलेला दिसला. इतर विषाणूंच्या बाबतीत असं काही दिसलं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने या विषाणूच्या ईबीएनए-१ प्रथिनाचा एक भाग मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनाशी जुळत असल्याचं दाखवलं.

घाबरू नका मात्र. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभर मुक्कामी असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस त्यांतल्या फार थोड्यांना होतो.

सागरगोटा:
म्हणजे माझ्या खोकल्यापेक्षा लांबचा मुक्काम ठोकणारे पाहुणे आहेत तर.

खोकल्याचं पण सांगा ना कुणीतरी. विषयाला धरूनच आहे.

जुना_डॉक्टर:
तीन ते आठ आठवड्यांच्या खोकल्यात विषाणूनंतरचा खोकला हे नेहमीचं कारण. श्वासनलिकेचं अस्तर सोललं जातं, खालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी आणि हळवी होतात. मग थंड हवा, वास, जोरात हसणं, काहीही निमित्त पुरतं. प्रतिजैविकांनी तो जात नाही, अस्तर भरून आलं की जातो. आठ आठवड्यांपुढे गेला तर मात्र छातीचा एक्स-रे हवाच.

धावता_धोटा:
व्यायामाबद्दल लिहितो. मी लांब पल्ल्याचा धावपटू. फ्लूनंतर नेहमीसारखा हळूहळू सराव वाढवायला घेतला. त्या दिवशी काहीच व्हायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगातलं सगळं त्राण जायचं, घसा पुन्हा दुखायचा, झोप लागूनही थकवा तसाच. प्रशिक्षक म्हणायचे, दम कमी झालाय, अजून पळ. जितकं पळालो तितका मागे गेलो. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने सांगितलं: थकण्याआधी थांब, थकल्यावर नाही. नाडीची एक मर्यादा ठरवून दिली, ती ओलांडायची नाही. त्यानंतर कुठे सुधारणा दिसायला लागली.

कसोटी, तुमच्या माहितीतले दोघे कामाने बरे झाले हे मी अजिबात नाकारत नाही. साधा अशक्तपणा हालचालीने जातो. पण श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणं ही वेगळी जात आहे. दोघांना एकच सल्ला दिला की दुसरा माणूस मरतो.

उत्तरायण:
धावता_धोटा, शंभर टक्के अनुमोदन. हिचं सगळं निदान या 'उशिरा कोसळण्या'वरच झालं. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर लक्षणं रेंगाळलेल्या, रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे व्यायामाआधी आणि व्यायामानंतर तपासले. व्यायामानंतर पेशींतली ऊर्जानिर्मिती घसरलेली, स्नायूतंतूंची हानी वाढलेली, प्रतिकारपेशी आत शिरलेल्या. निरोगी लोकांत तसं दिसलं नाही. आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्येच एमई-सीएफएसच्या, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या, रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये असं सांगितलं.

हे मी हिच्या डॉक्टरांसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

कसोटी:
उत्तरायण, धावता_धोटा, दोघांचं वाचलं. स्नायूंच्या तुकड्यांत फरक दिसतो हा पुरावा मी पुरावाच मानतो. तरी मनाचा मुद्दा मी सोडत नाही. दीर्घ आजारात भीती आणि झोपमोड लक्षणं वाढवतात, आणि त्यावर काम केलं तर त्रास कमी होतो. हे म्हटलं की लोक अंगावर येतात.

निळावंती:
अंगावर येतात याला कारण आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये दोनशेहून अधिक कर्मचारी एका गूढ आजाराने पडले (त्यालाच पुढे एमई म्हणू लागले), रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी वाचून तो सामूहिक उन्माद असल्याचं लिहिलं. त्यांचा एक आधार काय, तर आजारी पडणाऱ्यांत बायका जास्त! आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत नोंदवला होता. तरी त्या लिखाणाची सावली पुढच्या कित्येक दशकांच्या रुग्णांवर राहिली. म्हणून आता 'मन' हा शब्द ऐकला की रुग्णाला दार बंद झाल्याचा आवाज येतो.

तुमचा मुद्दा मात्र शास्त्राला धरून आहे. मेंदू आणि प्रतिकारसंस्था सतत एकमेकांशी बोलतात, व्हेगस मज्जातंतूतून आणि संप्रेरकांतून. झोप मोडली की दाह वाढतो. भीतीवर उपचार करणं योग्यच आहे, फक्त भीती हेच मूळ कारण म्हणून ते गळ्यात मारू नये.

मध्यरात्र:
'बायका जास्त' वरून एक प्रश्न. लाँग कोविडही बायकांत जास्त दिसतं असं वाचलं होतं. ते खरं आहे का, की बायका डॉक्टरकडे जास्त जातात म्हणून तसं दिसतं?

निळावंती:
खरं आहे. विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर-७ या ग्राहकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांत दोन एक्स. एक बंद ठेवला जातो, पण हे जनुक काही पेशींत दोन्हीकडून चालू राहतं, त्यामुळे इंटरफेरॉनचा प्रतिसाद जोरकस होतो. तीव्र कोविडमध्ये पुरुष जास्त दगावले आणि रेंगाळणाऱ्या लक्षणांत बायका जास्त, यामागचा हा एक धागा. ल्युपससारखे स्वप्रतिकारी आजारही बायकांत जास्त असतात, तेही याला जुळतं. प्रतिकारशक्ती 'वाढवा' म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

चाफेकळी:
थोडं अवांतर: गोवराचं अगदी उलटं असतं ना? तो प्रतिकाराची आठवणच पुसून टाकतो.

निळावंती:
हो, आणि अवांतर अजिबात नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं. आधीच्या निरनिराळ्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशा झाल्या होत्या. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठतो. म्हणजे 'प्रतिकारशक्ती कमी पडली' हे गोवरानंतर शब्दशः खरं असतं. चिकुनगुनियानंतर ते खरं नसतं. आधी कुठला संसर्ग झाला होता हे विचारल्याशिवाय कमी-जास्तचा निवाडा करायचा कसा?

पायवाट:
मग उपचारांचं काय? एवढं सगळं माहीत असताना एक गोळी का निघत नाही?

निळावंती:
कारण एकाच नावाखाली निरनिराळे आजार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कोविडोत्तर अवस्थेची व्याख्या केली ती लक्षणांवर आणि काळावर: संसर्गापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी, दुसऱ्या निदानाने न उलगडणारी लक्षणं. त्यात कारणाचा उल्लेखच नाही, तो करता येण्यासारखा नव्हता.

मग होतं काय? पॅक्सलोविड हे विषाणूविरोधी औषध लाँग कोविडच्या १५५ जणांच्या चाचणीत १५ दिवस देऊन पाहिलं. २०२४ मध्ये निष्कर्ष आले, बनावट गोळीपेक्षा लक्षणीय फरक नाही. आता विचार करा, त्या १५५ जणांत ज्यांच्या शरीरात विषाणू शिल्लक आहे असे किती, अँटिबॉडी उलटलेले किती, जुना एपस्टाइन-बार जागा झालेले किती, याची विभागणीच केलेली नव्हती. अँटिबॉडींना निकामी करणारं बीसी-००७ हेही चाचणीत पडलं. ज्याला तिसराच त्रास आहे त्याला पहिल्याचं औषध दिलं तर ते कसं लागू पडणार? माझं स्पष्ट मत आहे की आधी रक्तातल्या किंवा ऊतींमधल्या खुणांवरून रुग्णांचे गट पाडायला हवेत, मगच औषधं तपासायला हवीत. नाहीतर चांगली औषधंही सरासरीत बुडतील, आणि रुग्णांना पुन्हा ऐकावं लागेल की बघा, औषधाने काही झालं नाही, म्हणजे आजारच नव्हता.

आशा वाटावी असंही आहे. मेटफॉर्मिन, मधुमेहाचं जुनं औषध, कोविडच्या पहिल्या आठवड्यात सुरू करून दोन आठवडे दिलं तर दहा महिन्यांत लाँग कोविडचं निदान १०.४ टक्क्यांऐवजी ६.३ टक्के लोकांत झालं. ही चाचणी वजन जास्त असलेल्या प्रौढांवर होती, आणि हा प्रतिबंध आहे, जुन्या दुखण्यावरचा इलाज नव्हे. कृपया कुणी आपल्या मनाने घेऊ नका.

सागरगोटा:
म्हणजे बंब कुणाकडे पाठवायचा आणि कुणाकडचा परत बोलवायचा हे आधी ठरवायला हवं.

निळावंती:
अगदी हेच!

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. उत्तरायण, तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. केस विंचरताना हात वर न धरवणं मला नीट ठाऊक आहे.

माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. जुना_डॉक्टर, टीएसएच, बी-१२ आणि साखर झाली आहे, नॉर्मल आहे. फेरिटिन राहिलंय. धडधड मुख्यतः उभं राहिल्यावर होते, झोपलं की शांत. धावता_धोटा सांगतात तसं दोन दिवसांनी कोसळणंही आहे, इतके दिवस त्याचा संबंध आदल्या कामाशी लावलाच नव्हता. आता डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

जुना_डॉक्टर:
उभं राहिल्यावरची धडधड हा महत्त्वाचा धागा आहे. घरी एवढं करा. पाच-दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग उभ्या राहा, कशालाही टेकू नका, दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी दोन्ही मोजा. कुणीतरी शेजारी असू द्या आणि चक्कर वाटली तर लगेच बसा. रक्तदाब फारसा न उतरता नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल तर 'पॉट्स'चा विचार करावा लागतो. विषाणूनंतर तो होतो, आणि त्यावर उपचार आहेत. हे आकडे कागदावर लिहून न्या.

सोबत दोन आठवड्यांची साधी नोंद ठेवा: आज काय केलं, झोप कशी लागली, उद्या-परवा कसं वाटलं. कोसळण्याचा आणि कामाचा संबंध डॉक्टरांना बोलण्यातून पटत नाही, कागदावर पटतो. फेरिटिन करून घ्याच.

धावता_धोटा:
आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी साठलेली कामं उरकायला घेऊ नका. सगळे तिथेच अडकतात.

पायवाट:
रानजाई, मलाही कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं म्हणून मी तुम्हाला सांगतो. बऱ्याच जणांचं हे ओसरतं. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाला लाँग कोविडच्या रुग्णांत संसर्गानंतर आठ महिन्यांनीही इंटरफेरॉन वाढलेलं दिसलं होतं असं वाचलंय. त्याच रुग्णांचं दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा बहुतेकांचं खाली आलेलं होतं. निळावंती, बरोबर ना?

निळावंती:
हो. बहुतेकांत आठ महिन्यांना दिसलेले फरक २४ महिन्यांपर्यंत निवळले होते, आणि तब्येतही सुधारली होती. सगळ्यांची नाही, पण बहुतेकांची.

कसोटी:
एक शेवटचा प्रश्न, माझ्या घरच्यांसाठी. ज्यांना अजून हे झालेलं नाही त्यांनी काय करावं? लशीने रेंगाळणारी लक्षणं टळतात का?

निळावंती:
टळतात असं नाही म्हणणार, पण कोविडच्या बाबतीत लस घेतलेल्यांत लाँग कोविडचं प्रमाण कमी दिसलं आहे. सुरुवातीचा आजार सौम्य राहिला की पुढचा धोकाही उतरतो, हे डब्बोच्या निष्कर्षाला धरूनच आहे. आणि ताप उतरल्यावर दोन-तीन आठवडे कुणाला दमवू नका, मग तो कितीही म्हणो की मी ठीक आहे.

कसोटी:
धन्यवाद. भाऊ कालच तापातून उठलाय आणि उद्या स्पर्धेला निघालाय. त्याला थांबवतो.

धावता_धोटा:
थांबवाच. ऐकत नसेल तर माझ्याशी बोलायला सांगा, मला इथेच निरोप पाठवा.